वाटेवर म्हणायचं स्तोत्र

आय,

परवा रविवारी देवळात तुझं स्तोत्र वाचलं गेलं. आता मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत असते, तुला खरं वाटणार नाही. पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि आपल्याला समजेल असं बोलतो. एक मुलगी पुढे येऊन एकेक ओळ वाचते आणि खाली बसलेल्या सगळ्यांनी मिळून तिला उत्तर द्यायचं असतं. परवा तिनं सुरुवात केली आणि मी पहिल्या शब्दालाच ओळखलं. डोंगराकडे नजर लावून विचारणाऱ्या माणसाचं स्तोत्र. सगळं देऊळ उत्तर देत होतं. मी दिलं नाही. तोंड मिटून बसले. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, तिला वाटलं मला डुलकी लागली. पुढे प्रवचनात तरुण पाद्री म्हणाला की ज्याची श्रद्धा पक्की असते त्याचा पाय कधी घसरत नाही. तो चांगला मुलगा आहे, मनापासून बोलतो. मी माझा डावा पाय बाकाखाली होता तिथून मुद्दाम बाहेर काढला आणि मधल्या वाटेत लांब करून ठेवला. त्याला दिसावा म्हणून. त्याला दिसला की नाही ठाऊक नाही.

घरी आले तेव्हा हे तुला सांगायचं होतं. तुला वाचता येत नव्हतं म्हणून जिवंतपणी, पावसात घरी येता आलं नाही की, तुला पत्रं लिहिली ती सगळी दुसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत गेली, आणि त्यांत मी बरी आहे, पाऊस बरा आहे, यापलीकडे काही लिहिता आलं नाही. आज मधे कोणी नाही. तुझी कबरसुद्धा तुझी राहिलेली नाही. आपल्याकडे जागा थोडी, तुझ्यावर आता दुसरं कुणी निजलं आहे. तेव्हा हे लिहून कुठे टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्या स्तोत्रावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, आणि मला ते मिटवायचंही नाही.

ते स्तोत्र तुला दिलं मेस्तरांनी. आपल्या गावचे मेस्तर, शाळेत बाराखडी शिकवणारे आणि देवळात लॅटिन गाणी बसवून घेणारे, पांढऱ्या मिशांचे. वांद्र्याच्या डोंगरावरच्या माउलीला नवस फेडायला गावातून घोळका निघायचा तेव्हा ते पुढे असायचे. नायगावच्या खाडीवर होडीत सगळे बसले, होडी काठ सोडू लागली, की ते टोपी काढत आणि स्तोत्राची ओळ म्हणत, त्यांनी स्वतःच आपल्या बोलीत बसवलेली. डोंगराकडे माझी नजर जाते, मला हात देणार कोण. मग बायका तीच ओळ मागून म्हणत. तुझा पाय तो घसरू देणार नाही, तुला राखणारा डुलकी घेत नाही. दिवसा ऊन तुला बाधणार नाही, रात्री चांदणं बाधणार नाही. आणि शेवटी, तुझं जाणं नि तुझं येणं तो राखील. पलीकडच्या काठावर उतरल्यावर घोळका अनवाणी चालू लागायचा. मी मात्र तिथं ठरवलेल्या बैलगाडीत, भाकऱ्यांच्या गाठोड्यांशेजारी. तू गाडीच्या चाकाला लागून चालायचीस, एक हात गाडीच्या कठड्यावर, माझ्या गुडघ्याजवळ. लढाईची वर्षं होती. समोरून लष्कराच्या लॉऱ्या आल्या की गाडी रस्त्याखाली उतरवावी लागे, आणि तू "पाय घसरू देणार नाही" ही ओळ जोरात म्हणायचीस, बैलांनाच सांगितल्यासारखी.

लहानपणी ताप आला, तो गेला आणि जाताना माझा डावा पाय घेऊन गेला. राहिला तो बारीक, आत वळलेला, उजव्यापेक्षा आखूड. त्या पायासाठी दर वर्षी मेणाचा एक पाय. डोंगराखाली दुकानं मांडलेली असायची. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं, सगळं पिवळट, उन्हानं जरा मऊ झालेलं. एका वर्षी आपण पोचलो तेव्हा दुकानदाराकडचे डावे पाय संपले होते. तो म्हणाला, "बाई, पाय तो पाय. माउलीला कळतं." तू बराच वेळ तो उजवा पाय हातात फिरवून बघत राहिलीस, उलटा धरला तर डावा दिसतो का ते पाहिलंस, आणि शेवटी घेतलास. परत येताना तुझ्या जिवाला घोर लागला. गाडीमागून चालणाऱ्या गावातल्या एका बाईला तू विचारलंस, "उजवा दिला तर ती उजवाच राखनार कय?" ती म्हणाली, "राखंल ना. चांगला राखंल. आता उजव्याला काटा बोचायचा नाय जन्मात." सगळ्या हसल्या. पुढच्या वर्षी तू भरपाई म्हणून दोन डावे वाहिलेस. तेव्हा तीच बाई म्हणाली, "इतके पाय दिलेस, पोरीची आतापरत गोम व्हायला पायजे होती." ती बाई तशी वाईट नव्हती. मी गाडीत पोट धरून हसले. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस, जणू मी माझ्याच बाजूनं न राहता त्यांना मिळाले.

तुझे पाय कसे होते ते आता नीट आठवतं. थंडी सरली की तू मिठागरात जायचीस, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायला. खारं पानी, असं तू म्हणायचीस, भेगांत शिरतं ना, तवा कळतं देव कुठं ऱ्हातो. घरी येऊन चुलीपुढं बसायचीस, पाय परातीत गोड्या पाण्यात, आणि एका हातानं तव्यावरची भाकरी उलटायचीस. टाचांच्या भेगा एवढ्या खोल की मला त्यांत तांदळाचा दाणा मावेल असं वाटायचं. एकदा मी विचारलं, "आय, तुझ्या पायासाठी मेणाचा पाय का नाही वाहत?" तू भाकरीवरची नजर न काढता म्हणालीस, "माजे चालतात. चालनाऱ्या पायाला कय मागायचं." हे तू सहज म्हणालीस. मी ते वर्षभर जवळ बाळगलं.

कारण पुढच्या जत्रेला, मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, त्या मेणाच्या दुकानासमोर आपण उभ्या आहोत, तू पाय निवडते आहेस, डावाच आहे ना याची दोनदा खात्री करून, आणि मी म्हणते, "नको." तू म्हणतेस, "कय नको?" मी म्हणते, "माझा चालतो. चालणाऱ्या पायाला काय मागायचं? तूच म्हणालीस." दुकानदार दोघींकडे बघतो. मग तू हळू आवाजात म्हणतेस, "तो चालतो? त्याला चालनं म्हनतात?"

आय, ते वाक्य मी तुला माफ केलं आहे, पण ते मी खोडून काढलेलं नाही. ते खोटं होतं म्हणून खोडायला हवं होतं, तेही मी केलं नाही. ते तसंच ठेवलं आणि त्याला उत्तर देत राहिले. त्याच दुपारी पहिलं उत्तर दिलं. तुझा हात न धरता पायऱ्या चढायला लागले. सगळा घोळका पुढे गेला. डाव्या पायाला पायरी उचलून द्यावी लागते, म्हणजे आधी उजवा वर, मग कंबर वळवून डावा ओढायचा. बऱ्याच पायऱ्या झाल्यावर मी पडले. गुडघा फुटला, कोपर सोललं. लोक थांबले, कुणी तरी म्हणालं, बिचारी. तू धावत खाली आलीस आणि मी म्हटलं, "हात लावू नकोस." तू म्हणालीस, "माउलीच्या दारात हट्ट करतेस? तिला तोंड दाखवायला लाज नाय वाटत?" मी म्हटलं, "मी तिला पाय दाखवायला आलेय." आणि उठले. वर पोचले तेव्हा मेणबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि मला कसलीही भक्ती वाटत नव्हती. नुसता आनंद वाटत होता. तू मात्र मेणाचा पाय घेतलाच होतास, पदराखाली. माझ्या देखत वाहिलास. एक तू वाहिलास आणि एक मी वर आणला, आणि माउलीनं काय ठरवायचं ते ठरवावं, असं मला वाटलं.

आता तुला माझं म्हणणं सांगते, कारण तेव्हा ते मला बोलता येत नव्हतं. तुम्ही सगळ्याजणी त्या पहिल्या ओळी घाईनं म्हणायच्यात, इतक्या घाईनं की डोंगराकडे बघितलं आणि डोंगराकडून मदत आली असा त्यांचा अर्थ व्हायचा. परवाच्या पाद्रीनंही तशीच घाई केली. पण स्तोत्रातला माणूस डोंगर बघून विचारतो आहे. तो वाटेवर आहे, यरुशलेमच्या सणाला निघालेल्या लोकांतला आहे, आणि समोर डोंगर उभे आहेत. त्या डोंगरांत लुटारू असणार, जनावरं असणार, आणि माथ्यामाथ्यावर कुणाकुणाचे देव मांडलेले असणार, नवस मागणारे. तो बघतो आणि म्हणतो, यातून मला हात देणार कोण? आणि उत्तर डोंगर देत नाही. ज्यानं डोंगर केला, आभाळ केलं, तो देतो, असं पुढची ओळ म्हणते. ती ओळ तू रोज म्हणायचीस आणि तरी मला दर वर्षी एका डोंगरावर न्यायचीस. डोंगर म्हणजे वाटेतला चढ, आय. तो चढून जायचा असतो.

आणि पाय घसरू देणार नाही याचं काय? मी यावर पुष्कळ वर्षं रागावले. मग एकदा मला वाटलं, सणाला निघालेल्या त्या एवढ्या मोठ्या घोळक्यात माझ्यासारखं एकही माणूस नसेल? असणारच. मागे पडलेलं, धूळ खात चाललेलं. तेही हीच ओळ म्हणत असणार, आणि दर कोसाला पडत असणार. ज्याचा पाय कधी घसरत नाही त्याला ही ओळ म्हणायचं कारणच काय? मला वाटतं ती त्या मागे राहिलेल्या माणसानं हट्टानं म्हटलेली आहे, गुडघे झाडत. तू डोंगरावर ज्याला हट्ट म्हणालीस ना, तोच.

मी शाळेची फायनल परीक्षा पास झाले आणि कामणच्या शाळेत शिकवायची जागा मिळाली, तेव्हा आपलं खरं भांडण पेटलं. बा गेल्यापासून घरात आपण दोघीच. तू म्हणालीस, पाय बरा झाला की जा, पाय बरा झाला की लगीन, पाय बरा झाला की सगळं. मी म्हटलं, पाय एवढाच बरा होणार आहे. तू म्हणालीस, "कोन राखनार तुला तिथं?" मी म्हटलं, "तुझं जाणं नि तुझं येणं तो राखील, असं तूच म्हणतेस." तू म्हणालीस, "ते जत्रंचं जानं. माज्याबरोबरचं." मी म्हटलं, "स्तोत्रात तुझं नाव कुठे आहे? ते घरात बसणाऱ्यांसाठी नाहीच. घरात तू ते कधी म्हणतेस तरी?" तू पाटा धूत होतीस. पाणी ओतायची थांबलीस. "म्हनते की," म्हणालीस. "तुला ऐकू जावं म्हनून नाय म्हनत." मी ट्रंक भरली.

निघायच्या सकाळी तू उंबऱ्यात बसलीस. सूप घेऊन, तांदूळ पाखडत, पाय बाहेर आणि पाठ आत, सगळं दार भरून. आपल्याकडे बसल्या माणसाला ओलांडत नाहीत, आईला तर नाहीच, आणि मनात आणलं असतं तरी माझ्या पायाला तू ओलांडता आली नसतीस. हे तुला पुरतं माहीत होतं. मागच्या दारी तर पावसानं कुंपण पडून गुडघाभर चिखल. मी ट्रंकेसह तुझ्यामागे उभी राहिले. म्हटलं, "आय, सरक." तू म्हणालीस, "खडे हायेत तांदळात. दिसत नाय तुला?" कामणवरून भिवंडीकडे जाणारी गाडी ठरल्या वेळेला फाट्यावर यायची आणि फार थांबायची नाही. मी ट्रंक खाली ठेवली आणि तुझ्याशेजारी, दाराच्या आतल्या बाजूला, बसले. सुपात हात घातला. आपण दोघी खडे वेचू लागलो. खडे फार नव्हतेच. तेवढं झाल्यावर तू जागची न हलता, बाजूला ठेवलेल्या टोपलीतून सूप पुन्हा भरलंस. तेही आपण वेचलं. मी भराभर वेचत होते आणि तू हळूहळू, आणि तू वेचलेल्यात मी पुन्हा शोधत होते, एक खडासुद्धा राहू नये म्हणून. तिसऱ्यांदा तू उठून कणगीत हात घातलास तर कणगी रिकामी. तू आत तशीच उभी राहिलीस. दार मोकळं होतं. मी उठले, ट्रंक उचलली, बाहेर पाऊल टाकलं. आतून तुझा आवाज आला, "एवढे तांदूळ नीट केलेत तर कोन खानार ते? जेवून जा."

जेवले, आय. तू शिजवलंस तेवढा वेळ बसले आणि जेवले, सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर. गाडी गेली हे दोघींना ठाऊक होतं. तुला वाटलं असेल आता राहील. मी हात धुतले आणि चालत निघाले. ट्रंक नंतर कुणाबरोबर तरी पाठव म्हटलं. तू ट्रंक आत नेली नाहीस, ओटीवरच ठेवलीस.

कामणचा रस्ता तेव्हा कच्चा, दोन्ही बाजूंना शेतं, समोर डोंगरांची रांग. गावाबाहेर पडल्यावर मी स्तोत्र म्हणायला लागले, मेस्तरांसारखं मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. पाय घसरू देणार नाही म्हटलं आणि थोड्या वेळानं घसरला. बांधावर आपटले. उठून तीच ओळ पुन्हा म्हटली, रागानं. पुढे आणखी एकदा पडले. पुन्हा म्हटली. ऊन बाधलं, चांगलं बाधलं, डोकं ठणकायला लागलं. स्तोत्रातलं एकेक वचन मोडत होतं आणि मी एकेक पुढे म्हणत होते. संध्याकाळी शाळेच्या अंगणात पोचले तेव्हा तिथल्या मुख्य गुरुजींनी माझ्याकडे, माझ्या लुगड्याकडे, पायाकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, गाडी नव्हती का?" मी म्हटलं, "होती. मी चालत आले." हे शब्द तोंडातून निघताना मला तू समोर हवी होतीस. चालत आले, आय. त्याला चालणंच म्हणतात. तिथल्या मुलांनीही दुसऱ्या दिवसापासून तेच म्हटलं. बाई चालत येतात. कशा चालतात ते त्यांनी पाठीमागे करून दाखवलं असेल, पण शब्द तोच वापरला.

म्हणून परवा मी उत्तर दिलं नाही. पंख्याखाली बाकावर बसून, पाय जुळवून, ते स्तोत्र म्हणायचं मला जमलं नाही. मी ते वाटेवर म्हणते. अजून म्हणते. तुझा माझ्यासाठीचा घोर खरा होता हे मी मान्य करते, आणि तू चुकलीस हेही म्हणते, आणि दोन्हींतलं एकही मागे घेत नाही.

फक्त एक. त्या शेवटच्या ओळीतल्या जाण्यासाठी मी तुझ्याशी एवढी भांडले की त्याच ओळीत येणंही आहे, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. ते परवा त्या मुलीनं वाचलं तेव्हा गेलं. शनिवारी दुपारी मी कामणहून घरी यायची तेव्हा तू चुलीपुढं असायचीस, दाराकडे पाठ. वळायची नाहीस. नुसतं म्हणायचीस, "आलीस?" मी म्हणायची, "आले." पावसाळ्यातल्या तापानं तू गेलीस तोवर दर खेपेला एवढंच. आता शाळेमागच्या माझ्या खोलीचं कुलूप मी काढते, दार ढकलते आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणते, "आले." कुणी विचारलेलं नसतं. एकदा शेजारच्या बाईंनी ऐकलं. "कुणाशी बोलता बाई?" म्हणाल्या. मी सांगितलं, उद्याचा धडा पाठ करतेय.